नकार देणारा सोबती

पीट एकर्ट हे अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो शहरातले छायाचित्रकार. रेटिनायटिस पिगमेंटोसा या विकारात डोळ्यातला पडदा वर्षानुवर्षे निकामी होत जातो. त्यांची दृष्टी त्यातच गेली. शिल्पकला शिकलेला आणि वास्तुकलेकडे जायच्या बेतात असलेला हा माणूस आंधळा झाल्यावर कॅमेऱ्याकडे वळला. अंधारात शटर उघडे ठेवायचे, हातातला दिवा समोरच्या आकृतीवरून फिरवायचा, आवाज आणि स्पर्श यांवरून अंतर ताडायचे आणि मनात आधीच रचलेले चित्र फिल्मवर उतरवायचे, ही त्यांची रीत. बाहेर हिंडताना सोबतीला मार्गदर्शक कुत्रा.

अशा माणसाचे आपण कौतुक करतो, पण लगेच मनात शंकाही येते. वाट कुत्रा दाखवणार, फोकस कॅमेरा करणार, फोटो कसा आला हे तिसराच कोणी सांगणार. मग यात त्या माणसाचे काय? मला ही शंका अन्यायाची वाटते. जो दुसऱ्यावर विसंबतो त्याचे कर्तृत्व तेवढ्याने घटते, असे आपण धरून चाललेलो असतो. त्यात आंधळा आणि कुत्रा एकत्र आले, की आपल्या म्हणीतले दळण आणि फस्त झालेले पीठच डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात या दोघांचे चालते कसे, ते नीट पाहायला हवे.

कुठे जायचे हे कुत्रा ठरवत नाही. रस्ता माणसाच्या डोक्यात असतो. डावीकडे, उजवीकडे, सरळ, ही आज्ञा त्याची. सिग्नलच्या लाल-हिरव्यातला फरक कुत्र्याच्या डोळ्यांना नीट कळत नाही, म्हणून वाहनांचा आवाज ऐकून रस्ता कधी ओलांडायचा हेही माणसानेच ठरवायचे. खड्डा, पायरी, खांब, डोक्याला लागेल अशी फांदी यांतून त्याला सुखरूप काढणे हे कुत्र्याचे काम. पांढरी काठी अडथळ्यावर आपटते आणि तो आहे हे सांगते. कुत्रा अडथळ्याला वळसा घालून जातो, माणसाला पुष्कळदा तो होता हेही कळत नाही. काठीने चालणाऱ्याचे बरेचसे लक्ष काठीच्या टोकाशी गुंतलेले राहते. कुत्र्याबरोबर चालणाऱ्याचे लक्ष सुटे होते. गालावरचे ऊन कुठे संपले, गल्लीचे तोंड कुठे आले, आवाज भिंतीवरून परततो आहे की मोकळ्यावर विरतो आहे, याकडे ते वळू शकते. आंधळ्या छायाचित्रकाराला चित्र सापडते ते अशाच खुणांतून. कुत्रा त्याला चित्र दाखवत नाही, शोधायची सवड मात्र देतो.

या कुत्र्यांना शिकवलेली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे आज्ञा मोडणे. माणूस ‘पुढे’ म्हणाला आणि त्याच क्षणी गाडी आली, तर कुत्र्याने हलायचे नाही. १९२८ साली नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक हा विशीतला आंधळा तरुण स्वित्झर्लंडला गेला, तिथे कुत्र्यांना शिकवणाऱ्या डोरोथी युस्टिस यांच्याकडे शिकला आणि बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कच्या धडधडत्या वेस्ट स्ट्रीटवर बातमीदारांच्या देखत त्याने रस्ता ओलांडला. ती थांबली की तो थांबला, ती निघाली की तोही निघाला. पुढच्याच वर्षी ‘द सीइंग आय’ ही मार्गदर्शक कुत्रे तयार करणारी संस्था उभी राहिली.

मला इथे थांबून विचार करावासा वाटतो. हुकूम देण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याने समोरच्याचा नकार आधीच मान्य करून ठेवलेला आहे, आणि त्या नकारावर जीव सोपवला आहे. आपल्या घरांत, कचेऱ्यांत, पक्षांत असे किती जण आहेत? आपल्याला सोबती हवा असतो तो मान डोलावणारा. मुलाने, हाताखालच्या माणसाने ‘हे नको’ म्हटले की आपल्याला तो अपमान वाटतो. बडीच्या थांबण्यात फ्रँकला अपमान वाटला असता, तर तो रस्त्यापलीकडे पोहोचलाच नसता.

निर्मितीतही दुसऱ्यावर विसंबणे म्हणजे कर्तृत्व सोडणे नव्हे. एव्हगेन बाव्हचार हे स्लोव्हेनियात जन्मलेले, पॅरिसमध्ये स्थिरावलेले तत्त्वज्ञ आणि छायाचित्रकार. बाराव्या वर्षाच्या आत दोन वेगवेगळ्या अपघातांत त्यांचे दोन्ही डोळे गेले. शाळकरी वयात त्यांनी पहिला फोटो काढला तो आवडणाऱ्या मुलीचा. आपली छायाचित्रे त्यांना इतरांच्या वर्णनातूनच कळतात, तरी कशाचे चित्र, कुठून आणि का, हे ठरवणारे तेच. मुंबईत पार्थो भौमिक यांनी २००६ पासून ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ या उपक्रमातून दृष्टिहीनांना छायाचित्रण शिकवले. ताडदेवच्या व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळेतली मुले त्यात होती. या फोटोंच्या प्रदर्शनांत बोटांनी वाचता येतील अशी उठावाची चित्रे आणि ब्रेल मजकूरही ठेवला गेला, म्हणजे प्रेक्षकांतही आंधळी माणसे धरली होती. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे प्रशिक्षित मार्गदर्शक कुत्रा क्वचितच दिसतो. तुटके फुटपाथ आणि वाटेत आडवी लावलेली दुचाकी यांतून बहुतेकांना पांढऱ्या काठीवरच जावे लागते. ती दुचाकी लावणारे आपणच असतो. आणि मदतीला धावतो तेही कसे, तर आंधळ्या माणसाचा दंड धरून, त्याला कुठे जायचे हे न विचारता, त्याला पलीकडे ओढून नेतो. परदेशी गेलात आणि हँडल बांधलेला असा कुत्रा भेटला, तर तो कामावर आहे. त्याला हात लावू नका, खायला घालू नका. इथे काठीवाला भेटला, तर आधी बोला, मदत हवी का विचारा. तो ‘नको’ म्हणाला तर ते ऐका. ‘हो’ म्हणाला, तर त्याला धरू नका. त्याला तुमच्या कोपराला धरू द्या, आणि अर्धे पाऊल पुढे चाला.