उठवायचं की झोपू द्यायचं?

"दमलाय बिचारा, झोपू दे त्याला." हे वाक्य कधीच उच्चारलं गेलं नाही असं मराठी घर सापडणं कठीण. बोलणारी बहुधा आई असते नाहीतर आजी, आणि ज्याच्यासाठी ती बोलते तो पांघरुणात गुरफटलेला असतो. या वाक्यात माया आहे, याबद्दल दुमत नाही. पण ही माया दर वेळी योग्यच असते का? ज्याला झोपू दिलं त्याच्यावर उपकार होतो, की नकळत त्याचं काही काढून घेतलं जातं? मला हा प्रश्न पडला तो एका सायकल शर्यतीमुळे. तेव्हा वाचकहो, आधी त्या शर्यतीची थोडी ओळख करून देतो.

खडकांतून, वाळूतून आणि डोंगरवाटांवरून चालवायच्या जाड टायरच्या सायकलीला माउंटन बाइक म्हणतात, हे आता आपल्या मुलांमुळे सर्वांना ठाऊक आहे. या सायकलींची चोवीस तासांची रिले शर्यत अमेरिकेत १९९२ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या केनान व्हॅलीत भरली. लेअर्ड नाइट या गृहस्थांनी ती भरवली. फ्रान्समध्ये ल मान्सची चोवीस तासांची मोटार शर्यत १९२३ साली सुरू झाली होती. तीच कल्पना त्यांनी सायकलीवर बसवली. पुढे अशा शर्यती अनेक ठिकाणी निघाल्या. स्कॉटलंडमधली 'स्ट्रॅथपफर' तर ऐन जानेवारीत होते. तिथे चोवीसपैकी सतरा तास काळोख असतो.

आम्ही ज्या शर्यतीत उतरलो ती आमच्या ॲरिझोनातली, 'ट्वेंटी फोर अवर्स इन द ओल्ड प्वेब्लो'. ओल्ड प्वेब्लो हे टूसान शहराचं लाडकं नाव. शर्यत मात्र शहराबाहेर, उत्तरेच्या वाळवंटात होते. २००० साली सुरू झालेली ही शर्यत फेब्रुवारीच्या मध्यावर असते. शनिवारी दुपारी बाराला सुरुवात, रविवारी दुपारी बाराला शेवट. माळावर तंबूंचं एक गावच वसतं. संघातला एक जण फेरी मारून येतो, हातातला बॅटन दुसऱ्याला देतो, की दुसरा निघाला. चोवीस तास संघाचा कुणी ना कुणी वाटेवर असतो.

एक फेरी साधारण सोळा मैलांची. कसलेले स्वार ती तासाभरात संपवतात. आमच्यासारख्या हौशी मंडळींना पावणेदोन-दोन तास लागतात. चौघांचा संघ, म्हणजे एक फेरी झाली की पुढची पाळी पाच-सहा तासांनी. ऐकायला हा वेळ भरपूर वाटतो. पण त्यातून घामेजलेले कपडे बदलणं, दोन घास खाणं, चेन पुसून तेल घालणं, दिव्याची बॅटरी चार्ज करणं आणि पुढच्या पाळीआधी अर्धा तास तयार होऊन उभं राहणं वजा करा. झोप उरते दोन-अडीच तासांची. त्या दिवसांत तिथे सूर्य संध्याकाळी सहानंतर मावळतो आणि सकाळी सातच्या सुमाराला उगवतो. म्हणजे निम्म्याहून अधिक शर्यत दिव्यांच्या उजेडात. एक दिवा हँडलवर, एक हेल्मेटवर. वाटेच्या दोन्ही अंगांना 'चोया' नावाचं निवडुंग. त्याचा गोळा अंगात रुतला की हाताने काढता येत नाही, काढायला गेलेला हातच अडकतो. तो कंगव्याने उचकटून काढावा लागतो. म्हणून डोक्यावर केस नसलेले स्वारसुद्धा खिशात कंगवा ठेवतात!

या रिलेत एक गंमत आहे. वाटेवर तुम्ही अगदी एकटे असता. तुमचा दम, तुमची भीती, तुमचं पडणं, सगळं तुमचं. पण तुम्हाला होणारा उशीर मात्र तुमच्या एकट्याचा नसतो. तुम्ही वीस मिनिटं उशिरा आलात, तर कुणीतरी वीस मिनिटं थंडीत उभं असतं. आणि तुम्ही लवकर आलात, तर कुणाची तरी झोप तेवढी मोडते.

२०२० च्या फेब्रुवारीत, पहाटे तीनच्या सुमाराला, मी तंबूत पडलो होतो. आमच्या संघात मी वयाने सर्वांत मोठा, पन्नाशी ओलांडलेला. आधीच्या फेरीत एका खडकावरून उतरताना पडलो होतो. दंडातले काटे काढून झाले होते, गुडघा ठणकत होता. गुंगी होती, पण झोप नव्हती. तंबूचं कापड ते काय, बाहेरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"दादांना झोपू दे. त्यांची फेरी मी मारतो. आपला नंबर तसाही मधेच कुठेतरी लागणार."

"अरे, विचारू तरी त्यांना. नको म्हणाले तर तू जा."

दोघेही माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, दोघेही माझ्यावर जीव टाकणारे. पहिल्याचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. आणि त्यापाठोपाठच काहीतरी खुपलंही. पोरांनी मनातल्या मनात संघ तिघांचा केला की काय? तेवढ्यात तंबूची चेन सरकली आणि दुसरा म्हणाला, "दादा, तुमची पाळी आलीय. जाणार?" मी गेलो. त्या फेरीत फार काही सांगण्यासारखं घडलं नाही. दोन तास दहा मिनिटं लागली, आमच्या संघातली ती सर्वांत मंद फेरी. आपला क्रमांक खरोखरच मधे कुठेतरी लागला.

पण ते दोन संवाद माझ्या मनातून गेले नाहीत. दोन्ही प्रेमापोटीच होते. मग फरक कशात?

मला वाटतं, फरक एका शब्दात आहे : विचारणं. पहिल्याने माझ्या वतीने निर्णय घेऊन टाकला होता, दुसऱ्याने तो माझ्याकडे आणून दिला. "नको, आज जमत नाही" असं म्हणण्याचा हक्क मला दोघांनीही दिला असता; पण तो हक्क बजावायला आधी जाग यावी लागते. झोपलेल्या माणसाला नकार देता येत नाही, तसा होकारही देता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, दमलेल्या माणसाला उठवणं हा क्रूरपणा नव्हे का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. गाढ झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहूनही जास्त वेळ, डोकं नीट चालत नाही. पहाटे शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. अशा वेळी खडकाळ वाटेवर निघालेला माणूस हाडं मोडून घेऊ शकतो. ज्याला ताप आहे, ज्याच्या डोक्याला मार बसला आहे, जो उभाच राहू शकत नाही, त्याला विचारायचंही कारण नाही. त्याला झोपूच द्यावं. पण दमलेला आणि असमर्थ यांत अंतर आहे. पहाटे तीनला सगळेच दमलेले असतात. जो दुसऱ्याची फेरी मारायला निघतो, तोही.

आणि इथे आणखी एक नाजूक गोष्ट आहे. दुसऱ्याचं ओझं उचलणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही, असं नसतं. "मी होतो म्हणून निभावलं" हे समाधान फार गोड असतं. त्या गोडीपायी आपण समोरच्याला हळूहळू निरुपयोगी करत जातो आणि पुढे त्याच माणसाबद्दल तक्रार करतो, की हा काही करत नाही! आपल्या मंडळाचीच गोष्ट घ्या. गणपती असो, नाटक असो, संक्रांतीचं हळदीकुंकू असो, राबणारी चार-पाच कुटुंबं तीच. "नवीन लोक पुढे येत नाहीत" हे वाक्य दर वार्षिक सभेत ऐकू येतं. पण नव्या माणसाला खुर्च्या मांडण्यापलीकडचं काही कधी नेमून विचारलं होतं का? की "त्यांना कशाला त्रास, आपणच करून टाकू" असं आपणच ठरवून मोकळे झालो?

आपल्या भाषेत याला दोन शब्द आहेत. कष्टाचं काम वाट्याला आलं की आपण म्हणतो पाळी आली. तेच काम देवळात असेल तर म्हणतो मान मिळाला. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते. ती काही हलकी नसते. तरी खांदा द्यायला माणसं पुढे सरसावतात. तिथे कुणी उदारपणे "तुम्ही सगळे बसा, मी एकटाच नेतो" म्हणाला तर गावाला ते रुचणार नाही. ओझं तेच, पण एका नावाने ते टळलं तर बरं वाटतं आणि दुसऱ्या नावाने चुकलं तर रुखरुख लागते.

एकट्याने सगळं उचलणारी माणसं थोर नसतात, असं मला म्हणायचं नाही. केनानच्या शर्यतीचीच एक मजेदार हकिकत आहे. तिथे एकट्याने उतरायची सोय नव्हती, चौघांचा संघच लागे. १९९६ साली जॉन स्टॅमस्टॅड या पठ्ठ्याने स्वतःच्याच नावाची चार रूपं करून चौघांचा संघ म्हणून नोंदणी केली आणि सगळ्या फेऱ्या स्वतः मारल्या! पुढे एकट्याने उतरणाऱ्यांचा वेगळा गटच निघाला. ते कौतुकास्पदच आहे. पण स्टॅमस्टॅड कुणाची पाळी घेत नव्हता, त्याच्या तंबूत कुणी झोपलेलं नव्हतं. याउलट नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन पाहा. २०१५ साली त्यांनी 'रेस ॲक्रॉस अमेरिका', म्हणजे कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या ॲनापोलिसपर्यंतची सुमारे तीन हजार मैलांची शर्यत, दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. ती डांबरी रस्त्यावरची शर्यत, पण रीत रिलेचीच : एक चालवतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो. दोघांपैकी एकाने मायेपोटी दुसऱ्याला झोपूच दिलं असतं, तर ती शर्यत पार पडली असती का?

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो. आपण परदेशात राहणारी माणसं म्हणजे झोपू दिलेली माणसं आहोत.

२०२१ साली पुण्यात माझी आई न्हाणीघरात घसरली, मनगट मोडलं. मला ते कळलं नवव्या दिवशी, प्लास्टर घालून ती घरी आल्यावर. बहीण म्हणाली, "तुला सांगून काय होणार होतं? तू तिथे तळमळत बसला असतास." तिच्या आवाजात थकवा होता, राग नव्हता. तिने आणि तिच्या नवऱ्याने सगळं निभावलं होतं. तिने मला झोपू दिलं होतं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असं घडलं असेल. वडिलांची अँजिओप्लास्टी झाल्यावर कळणं, काकू गेल्याचं परीक्षा संपेपर्यंत लपवून ठेवणं. हेतू चांगलाच असतो. पण दर वेळी आपण त्या घरातून थोडे थोडे वजा होत जातो. आणि खरं सांगायचं तर हे वजा होणं सोयीचंही असतं. "मला कुणी सांगितलंच नाही" यासारखी मऊ उशी दुसरी नाही.

त्यानंतर बहिणीशी मी सविस्तर बोललो. तेव्हा एक साधी गोष्ट ध्यानात आली. ॲरिझोनाचं घड्याळ भारताच्या साडेबारा तास मागे. म्हणजे तिची रात्र हा माझा दिवस. पुण्यात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा माझ्याकडे आदल्या दिवशीचा दुपारचा दीड असतो. ज्या अंतराबद्दल आपण आयुष्यभर हळहळतो, त्याच अंतराने रात्रपाळी माझ्या हाती दिली होती. आता आईला रात्री झोप लागेना, जीव घाबराघुबरा झाला, की तिच्यासोबत असणाऱ्या मावशी आधी फोन मला लावतात. मी ऑफिसातून बाहेर येऊन आईशी बोलतो. औषधांची यादी माझ्याकडे आहे, डॉक्टरांचा नंबर आहे, शेजारच्या काकांचा आहे. दहांतल्या आठ वेळा नुसत्या बोलण्यावर भागतं. उरलेल्या दोन वेळा मी बहिणीला उठवतो. सगळ्या फेऱ्या मोजल्या तर आजही तिच्याच जास्त भरतील, आणि दिवसाच्या जड फेऱ्या तर तिच्याच. पण संघ आता दोघांचा आहे.

हे साधायचं तर झोपणाऱ्याचंही एक कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या शर्यतीत जाणता स्वार झोपतो तो बूट उशाशी ठेवून, बॅटरी भरून, पुढच्या फेरीचे कपडे अंगात घालून. उठवणाऱ्याला उठवायचा संकोच वाटू नये, एवढी तयारी त्याने केलेली असते. मग आपला पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड कपाटात कुठे आहे? अचानक निघायचं झालं तर रजा शिल्लक आहे का? रात्री फोन सायलेंटवर असतो का? आणि मुख्य म्हणजे, "काही झालं तर मला लगेच कळव, मी रागावणार नाही, घाबरणार नाही" हे आपण भावाला, बहिणीला, वहिनीला कधी स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे का?

नसेल तर या रविवारी फोन कराल तेव्हा सांगून टाका. एवढं वाक्य ऐकल्यावर पलीकडचं माणूस क्षणभर गप्प होईल, आणि मग कदाचित महिनाभर न सांगितलेलं काहीतरी सांगायला लागेल.