काळे पडलेले तांबे

जुन्या व्हॅनचा सेल्फ अडखळू लागला की दोष आधी बॅटरीच्या माथी मारला जातो. शिरूरहून न्हावरे, चौफुलामार्गे दौंडला दूध-भाजी नेणाऱ्या गाडीचेही तेच. नवी बॅटरी बसते, आठवडाभर बरे चालते आणि तक्रार पुन्हा दारात येते.

शिशाच्या बॅटरीत सौम्य गंधकाम्ल असते. उन्हाने तापलेली किंवा प्रमाणाबाहेर चार्ज होणारी बॅटरी त्याचे बारीक तुषार बाहेर टाकते. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचते, ती सर्वांना दिसते. खरी हानी आवरणाखाली असते. समईच्या वातीत तेल चढावे तसे आम्ल तांब्याच्या तारांमधून आत सरकते. टर्मिनलपासून वीतभर अंतरावर वायर वाकवली तर आत वाळू करकरावी तसे बोटांना जाणवते. सोलून पाहिले तर लाल तांब्याऐवजी काळी, ठिसूळ तार निघते. तिला कथिल धरत नाही.

येथे टेस्ट लॅम्प फसवतो. एकच तार शाबूत असली तरी तो पेटतो, कारण त्याला विजेचा घोटभरच पुरतो. सेल्फला शेकडो अँपिअर लागतात. वायरीत ०.०१ ओहम रोध वाढला आणि २०० अँपिअर वाहू लागले, तर १२ पैकी २ व्होल्ट वाटेतच जातात. म्हणून सेल्फ मारत असतानाच मोजावे : मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटावर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर वायर किंवा जोड खराब. अर्थिंगची बाजूही तशीच तपासावी. ती नेहमी विसरली जाते.

भुकटीवर उकळते पाणी ओतण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. त्याने टर्मिनल उजळते, पण आम्लाचे पाणी खालच्या वायरींवर आणि पत्र्यावर उतरते. निगेटिव्ह आधी सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या ब्रशने घासावे. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

गाडी चालू करणे वेगळे आणि दुरुस्त करणे वेगळे. त्यामुळे गॅरेजात सर्रास होणारे ‘डायरेक्ट’, म्हणजे जुनी वायर तशीच सोडून बॅटरीपासून नवी ओढणे, हा आळसच वाटतो. ते मत शेवटपर्यंत टिकत नाही. काळ्या तांब्याला जोड देणे ही त्याहून मोठी फसवणूक आहे, कारण जोडाच्या पलीकडे कुजणे चालूच राहते. १९८४ साली आलेली मारुतीची व्हॅन, पुढची ओम्नी, २०१९ मध्ये बंद झाली. अशा गाडीचे अख्खे वायरिंग बदलणे दर वेळी परवडत नाही. तेव्हा लालभडक तांबे लागेपर्यंत कापावे, नाहीतर नवी वायर ओढावी. ‘डायरेक्ट’चा दोष नव्या वाटेत नाही, फ्यूज न लावण्यात आणि जुन्या वायरीचे टोक जिवंत सोडण्यात आहे.

नव्या वायरीला बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज हवा, आणि तो वायरीच्या जाडीला साजेसा. थिंबल घट्ट दाबून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी, पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवावे. सेल्फची जाड केबल मात्र तुकडे न जोडता अखंडच बदलावी. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. मग टर्मिनलवर ग्रीसचा पातळ हात आणि तेच मोजमाप पुन्हा एकदा.