क्रीडा, नाट्य आणि प्रेक्षक

आधुनिक क्रीडा रंजनाचा व्यवसाय झाली, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. परंतु रंजन हा स्वयमेव दोष नव्हे. नाटकही रंजन करतेच. तेव्हा येथे नैतिक प्रश्न उपस्थित करावयाचा, तर क्रीडा आणि नाट्य यांतील भेदापासून आरंभ करावा लागेल.

रोलाँ बार्थ यांनी 'मिथॉलॉजीज' (१९५७) या ग्रंथातील कुस्तीवरील लेखात हा भेद मार्मिकपणे मांडला आहे. व्यावसायिक कुस्तीचे खेळ ही त्यांच्या मते क्रीडा नसून दृश्यप्रयोग होय. तेथील वेदना ही वेदनेची खूण असते. मुष्टियुद्धाची गोष्ट निराळी. तेथे निकाल पूर्वनियोजित नसतो आणि, आपण पुढे म्हणू शकतो, वेदनाही खूण नसते.

आपल्या रसचर्चेच्या परिभाषेत सांगायचे, तर रंगभूमीवरील शोक साधारणीकृत होतो, तो कोणा एकाचा राहत नाही, म्हणूनच आस्वाद्य ठरतो. रिंगणातील वेदना मात्र एका विशिष्ट देहाची असते. तरीही प्रेक्षक ती नाट्यासारखीच आस्वादतो. लौकिक दुःखाकडे अलौकिकाच्या दृष्टीने पाहणे, ही क्रीडारंजनाची खरी नैतिक अडचण आहे.

१ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपीन्समध्ये महंमद अली आणि जो फ्रेझर यांच्यात झालेली लढत या संदर्भात आठवते. चौदाव्या फेरीअखेर फ्रेझर यांचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते. केवळ अखेरची फेरी उरली असता, त्यांचा विरोध न जुमानता प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. नाट्यदृष्ट्या हा रसभंगच. परंतु त्या क्षणी दृश्याच्या जागी पुन्हा माणूस दिसू लागला.

खेळाडू स्वेच्छेने उतरतो, मोबदला घेतो, असा आक्षेप यावर घेतला जाईल. पण लढण्याची इच्छा फ्रेझर यांचीही होतीच. खेळाडूची संमती त्याच्यापुरती खरी. तिने प्रेक्षकाची जबाबदारी संपत नाही. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांचे मेंदूवरील दुष्परिणाम हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच वैद्यकीय लेखात नोंदवले होते. अज्ञानाची सबब त्यामुळे आज कोणालाच सांगता येणार नाही.

याचा अर्थ खेळ पाहूच नये, असा नव्हे. पंधरावी फेरी झाली नाही याची आपल्याला हळहळ वाटते की हायसे वाटते, एवढे तरी प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावे. क्रीडेच्या नीतिविचाराला तेथूनच सुरुवात होईल.