पायाची परीक्षा

शिंप्याकडे कापड टाकताना त्याचे प्रमाणपत्र आपण कधी विचारीत नाही. दिवाळीच्या तोंडावर तर तसे विचारण्याची सोयच नसते; त्याने कापड ठेवून घेतले हेच उपकार. सदरा आखूड झाला, बगलेत काचला, तर आपण तो घेऊन पुन्हा त्याच्या दुकानी जातो, चार शब्द सुनावतो, आणि पुढच्या वर्षी दुसरा शिंपी धरतो. सुताराचे, चांभाराचे, कुंभाराचेही तेच. पिढ्यान्‌पिढ्या आपला व्यवहार असा चालत आला आणि त्यात कोणाचे फारसे बिघडले नाही. मग माणसाला कृत्रिम पाय करून देणाऱ्याने तेवढे साडेचार वर्षे शिकावे, परीक्षांमागून परीक्षा द्याव्यात, सरकारी नोंदवहीत नाव घालावे, हे कशासाठी? पाय हीदेखील अखेर मापाने बेतायची वस्तू. ज्याचा हात चांगला त्याच्याकडे लोक जातील, ज्याचा वाईट त्याच्याकडे जाणार नाहीत.

हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे, आणि तो वाटतो तितका भाबडा नाही. आपल्याकडे या कामाचा कायदा १९९२ साली झाला आणि पुढच्या वर्षी भारतीय पुनर्वसन परिषद त्याखाली काम करू लागली. परिषदेने मान्य केलेली पात्रता आणि तिच्या नोंदवहीत नाव नसताना जो हा व्यवसाय करील, त्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांत आज बरा बूटही मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. तुरुंग मात्र तुरुंगच असतो. पाय करणे हा गुन्हा कसा होऊ शकतो, हे समजून घ्यायचे तर पाय घालणाऱ्याकडेच गेले पाहिजे.

माझे एक मामा कर्जत तालुक्यातले. उसाच्या ट्रॉलीखाली सापडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुढे कोठल्याशा शिबिरात त्यांना पाय मिळाला. माप घेतले, साचा केला, दुपारी जेवण दिले, संध्याकाळी पाय चढवून फोटो काढला. मामा तो पाय आठ महिने वापरीत होते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खाली, जे हाडाचे बोंड हाताला लागते, नेमके तेथे त्यांना जखम होई. ती वाळली की पुन्हा होई. मी विचारले, "मामा, दुखतंय तर सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "फुकटाचा पाय, अन् वर दुखतो म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि लाकडाचा पाय दुखायचाच की!"

हे दुसरे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ओशाळेपणाने गप्प बसणे आपण समजू शकतो. परंतु मामांना दुखणे ही त्या पायाची चूक वाटतच नव्हती. ती त्यांना त्या वस्तूची जातच वाटत होती. सदरा काचतो हे आपल्याला कळते, कारण न काचणारे सदरे आपण जन्मभर घातलेले असतात. पहिला कृत्रिम पाय घालणाऱ्याजवळ असे कोणतेच माप नसते. जे मिळाले तेच त्याचे पहिले आणि एकमेव. त्यातून तो पडला, तर आपणच शिकलो नाही असे त्याला वाटते. शिंप्यावरचा आपला सारा अंमल तक्रारीवर चालतो, आणि येथे तक्रार जन्मालाच येत नाही.

पुढे हे काम रीतसर शिकलेल्या एका तरुणाने मामांचा पाय पाहिला. त्याने नुसते बोट ठेवून दाखविले. भार घ्यायचा तो गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड दोरीसारख्या भागावर. बाहेरच्या त्या बोंडाशेजारून नस जाते, तेथे खोबणीला उलट पोकळी सोडायची. शिवाय पाय कापल्यावर पहिले काही महिने उरलेला भाग वाळत, बारीक होत जातो. तेव्हा पहिल्या दिवशी घट्ट बसलेली खोबण नंतर खुळखुळणारच, आणि माणूस तिच्यात खाली खाली रुतत जाणार. हे सारे कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे आणि परीक्षेत विचारतात. मामांना जो प्रश्न सुचणे शक्य नव्हते, तो त्यांच्या वतीने आधीच कोणीतरी विचारून ठेवायचा असतो. परीक्षेचे समर्थन मला तरी एवढेच दिसते, आणि ते पुरेसे आहे.

हाताच्या गुणावर विश्वास ठेवणाऱ्यांनी आपल्या हाडवैद्यांचाही हिशेब करावा. बरे झालेले हात-पाय गावभर हिंडत असतात आणि वैद्याची कीर्ती सांगतात. घट्ट आवळलेल्या कांब्यांनी रक्त अडून ज्यांचा पाय काळा पडला आणि मग कापावा लागला, ते ओसरीवर बसलेले असतात. त्यांच्याकडे कीर्तीची चौकशी करायला कोणी जात नाही.

येथवर सारे सरळ आहे. अडचण येते ती यानंतर, कारण परीक्षा घेणाऱ्यालाही एक घर असते, आणि त्या घराला एक जमीन असते.

अमेरिकेत या व्यवसायाचे प्रमाणपत्र देणारे मंडळ १९४८ साली, महायुद्ध संपल्यावर, निघाले. आपल्याकडे पुण्याचे सैनिकी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, आणि मुंबईला हाजी अलीजवळची पुनर्वसन संस्था १९५५ ची. म्हणजे विद्या तोवर आलेली होती. पण तिच्याबरोबर आलेला पाय खुर्चीवर बसणाऱ्या, बूट घालणाऱ्या माणसाचा होता. त्याचा घोटा ताठ. त्याने मांडी घालता येईना, उकिडवे बसता येईना, अनवाणी शेतात जाता येईना. आमच्याकडच्या काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर कोणत्याही बुटाचे काय होते, हे मी सांगायला नको. पंगतीत बसता न येणारा माणूस घरात असूनही पाहुण्यासारखा वेगळा पडतो. तो पाय पेटीत जाई आणि कुबडी बाहेर येई. करणारा मात्र परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला असे, कारण मांडीवर प्रश्नच नव्हता.

जयपूरला १९६८ च्या सुमारास ज्यांनी हा प्रश्न सोडविला त्या दोघांची जोडी मोठी मौजेची आहे. प्रमोद करण सेठी हे सवाई मानसिंह रुग्णालयातले अस्थिशल्यचिकित्सक, परदेशी पदवीधर. रामचंद्र शर्मा हे कारागीर. शाळेशी त्यांचा संबंध अगदी थोडा. आणि सारे त्यांना म्हणत 'मास्टरजी'! सेठींना शरीर कळत होते, मास्टरजींना साचे, रबर आणि जमिनीवर बसणारा माणूस. दोघांनी मिळून रबराचा असा पाय घडविला की जो उघडा शोभतो, चिखलात चालतो, मांडी घालतो. रॅमन मॅगसेसे पुरस्कार १९८१ साली सेठींना मिळाला. तो योग्यच होता. परंतु पुरस्कारांनाही नाव घालायला नोंदवही लागते, हे त्यावरून लक्षात येते. एकट्या सेठींना हा पाय सुचला नसता, आणि एकट्या मास्टरजींनी केला असता तर भार कोठे घ्यावा हे चुकले असते. एकाची अर्धी उत्तरपत्रिका दुसऱ्याजवळ होती.

मग १९६८ साली हा कायदा असता तर मास्टरजींना कोणत्या रकान्यात बसविले असते? शल्यचिकित्सकाच्या हाताखालचा कारागीर म्हणून कदाचित चालवून घेतलेही असते. मला विचाराल तर, कायदा मास्टरजींसाठी नसतोच. 'मीही मास्टरजीच' म्हणणारे जे शंभर असतात त्यांच्यासाठी तो असतो. पण शंभरांना अडविताना त्या एकालाही अडवितो, आणि हे आपण नाइलाज म्हणून सोडून द्यावे का, येथे माझे मन अडते.

याचे उत्तर शोधायला मला जयपूरपर्यंत जावे लागत नाही. मामांच्या तालुक्याला लागून जामखेड आहे. आमचा जिल्हा तेव्हा अहमदनगर. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर. त्या दुष्काळी तालुक्यात १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य आले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचे काम शिकविले. त्यांतल्या कितीतरी जणींनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. पुष्कळ जणी ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नसे अशा घरांतल्या. त्या बाळंतपणे करू लागल्या, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखू लागल्या. आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथेच पुढे कृत्रिम पायांची कार्यशाळा निघाली आणि तीतही गावाकडच्याच माणसांना शिकवून जयपूर पाय होऊ लागले.

हे ऐकून लोक म्हणतात, "पाहा, परीक्षेवाचून कसे काम झाले ते!" असे म्हणणारा जामखेड नीट पाहत नाही. त्या बायका दर आठवड्याला जामखेडला येत. आपापल्या गावात काय घडले, आपण काय केले, ते सगळ्यांसमोर सांगत. जे चुकले, जे कळले नाही तेही. याहून कडक परीक्षा मला माहीत नाही. आपली परीक्षा तीन तासांत आटोपते. त्यांची बारा महिने चालू होती.

आणि खरा फरक आणखी निराळा आहे. आपल्या परीक्षेत न कळणे झाकावे लागते. मुलगा शाळेत जाऊ लागतो त्या दिवसापासून आपण त्याला हीच विद्या देतो: येत नसेल तर काहीतरी लिही, कोरी जागा ठेवू नको. साडेचार वर्षे आणि त्याआधीची बारा वर्षे ही सवय घोटून घेतलेला माणूस एक दिवस माझ्या मामांसमोर बसतो. मामा म्हणतात, येथे टोचते. का टोचते ते त्याला कळत नाही. त्या क्षणी त्याने 'मला कळत नाही, मी विचारून सांगतो' म्हणायला हवे असते. आणि नेमके त्याच वाक्याला त्याला आजवर शून्य मिळालेले असते. परिषद काही वर्षांनी नोंदणी नवी करायला लावते, मधल्या काळात वर्गांना हजर राहिल्याचे गुण मागते. चांगलेच आहे. तरी ती हजेरी वर्गाची. त्याने केलेल्या पायांपैकी किती पाय चालताहेत आणि किती माळ्यावर पडले आहेत, याची नव्हे.

आमच्या ओळखीची एक मुलगी गेल्या वर्षी ही परीक्षा देऊन आली. प्रात्यक्षिकाला एक खरा पाय गेलेला माणूस समोर बसवितात. त्याचे माप घ्यायचे, साचा घ्यायचा, परीक्षक टिपणे करतात. मी तिला विचारले, "त्या माणसाला कोणी काही विचारतं का?"

ती हसली. म्हणाली, "नाही हो काका. एक म्हातारे बाबा आहेत, दर वर्षी तेच येतात. जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवण मिळतं त्यांना. पण परीक्षकांची पाठ वळली की हळूच म्हणतात, 'ताई, अंगठा जरा खाली घे. तिथं नको, तिथं लागतं.'"

"मग तू घेतलास खाली?"

"घेतला की. त्यांचा पाय आहे तो."