वाडा कोणाचा?

एखादी वास्तू कोणाची, या प्रश्नाला बँकेत एकच उत्तर असते : कागद दाखवा. आम्ही वीस वर्षे लोकांकडे कागदच मागत आलो. या उत्तराची पंचाईत होते ती क्रोएशियात, एड्रियाटिक समुद्राकाठच्या स्प्लिट गावी.

या गावाचा गाभा म्हणजे एक राजवाडाच आहे. रोमन सम्राट डायोक्लिशियनने तो निवृत्तीनंतर राहायला बांधला. आपण फंडाच्या पैशांत दोन खोल्यांचा ब्लॉक घेतो. याने सुमारे २१५ मीटर लांब नि १८० मीटर रुंद तटबंदी उठवली. दगड समोरच्या ब्राच बेटावरून, स्फिंक्स थेट इजिप्तहून! इ. स. ३०५ साली त्याने आपण होऊन गादी सोडली. खुर्ची आपण होऊन सोडणारा माणूस दाखवा नि बक्षीस मिळवा! पुढे लोक परत बोलवायला आले, तेव्हा 'मी लावलेला कोबी एकदा बघा' असे त्याने सुनावले म्हणे. गृहस्थ हिशेबी होता. महागाई आवरायला ३०१ साली त्याने शेकडो वस्तूंचे कमाल भाव ठरवले. जास्त घेणाऱ्याला देहान्त. झाले काय, तर माल बाजारातून गेला नि फर्मान तेवढे दगडांवर उरले.

तर कागदोपत्री वाडा याचा. पण सातव्या शतकात जवळचे सलोना शहर अवार नि स्लाव टोळ्यांपुढे पडले आणि पळालेली माणसे या तटांच्या आड घुसली. ना अर्ज, ना भाडेपावती. खांबांमध्ये भिंती घातल्या, दालनांत चुली मांडल्या. ज्याने ख्रिस्ती लोकांचा छळ केला, त्याच्याच समाधीचे त्यांनी चर्च केले. तेही त्याच्या कारकिर्दीत मारल्या गेलेल्या सलोनाच्या बिशपच्या नावाने! सम्राटाचा देह कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. मूळ मालकाला इतके पुरते घराबाहेर काढल्याचे उदाहरण आपल्या कोर्टांतही सापडायचे नाही.

कायद्याने हे अतिक्रमणच. पण गंमत बघा. सलोना, जिथे घरोघरी रीतसर मालक होते, तिथे आज गवतात पडके दगड आहेत. आणि घुसखोरांनी बळकावलेला वाडा सतराशे वर्षांनी उभा! छप्पर ज्याच्या डोक्यावर गळते, तोच ते शाकारतो. मालकी कागदाने ठरत असेल, पण वास्तू टिकते ती तिची गरज असलेल्या माणसामुळे.

सिद्धान्त छान आहे. पण आम्ही उतरलो होतो ती खोली त्यात बसेना. खोली वाड्याच्या आतच, तिसऱ्या मजल्यावर. तीन रात्रींचे पैसे युरोत. २०२३ पासून तिथे युरोच चालतो. मालकीणबाई किल्ली देऊन गावाबाहेरच्या नव्या इमारतीतल्या आपल्या घरी गेल्या. खोलीत पूर्वी त्यांच्या सासूबाई राहायच्या. तक्रार काहीच नव्हती. या भाड्यावर मुलीचे शिक्षण चालते, असे त्यांनी हसतच सांगितले.

मग वाडा कोणाचा? बांधणारा गेला. घुसले त्यांचे वारस किल्ली आमच्या हाती ठेवून बाहेर पडताहेत. आणि आमची गरज फोटोपुरती. उद्या छप्पर गळले तर मी दुसरी खोली बघणार, शाकारायला थोडाच बसणार! ज्या तटांनी टोळ्या थोपवल्या, त्यांच्या दरवाज्यातून आमच्या टोळ्या गाइडची छत्री बघत रोज आत शिरतात, आणि वर पैसेही देतात. लढायचे तरी कसे?

एका गल्लीत दोरीवर कपडे वाळत होते. "ते धुणं येतंय हो फोटोत, जरा बाजूनं काढा," असे हिने सुचवले. मी मुद्दाम धुण्यासकट काढला. दोन चादरी, एक एप्रन, लहान मुलाचे मोजे. मालकीचा पुरावा म्हणून कुणी तो फोटो माझ्या टेबलावर आणला, तर मी बिनतक्रार शिक्का मारीन.