पाच सोलांची गाडी

ब्लेझ पास्कल हे नाव शाळा शिकलेल्यांना दाबाच्या एककामुळे ठाऊक असते, तर धर्मचिंतनाची आवड असणाऱ्यांना ‘पाँसे’ या त्याच्या अपूर्ण राहिलेल्या ग्रंथामुळे. परंतु हा गणिती, हा श्रद्धावंत ख्रिस्ती, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी सार्वजनिक वाहतुकीचा धंदा उभारून गेला, हे फारसे कोणी सांगत नाही. आमच्या मते एक मोठा नैतिक पेच त्या धंद्यातच दडलेला आहे.

पास्कलची बुद्धी पहिल्यापासून व्यवहाराकडे वळणारी. वडील रुआँ शहरी करवसुलीचे अधिकारी. त्यांचे बेरजांचे कष्ट हलके व्हावेत म्हणून मुलाने एकोणिसाव्या वर्षी, १६४२ साली, दातेरी चाकांचे गणकयंत्र करावयास घेतले. पन्नासाहून अधिक नमुने झाले. यंत्र चालले, पण किंमत अशी की विक्री थोडीच झाली. पुढे १६५४ साली फर्मा या गणितीशी त्याचा पत्रव्यवहार झाला. जुगाराचा डाव अर्ध्यावर मोडला तर पणाचे पैसे कसे वाटावेत, हा त्यातील प्रश्न. त्यातून संभाव्यतेचे गणित उभे राहिले. आजचा विमाव्यवसाय त्याच गणितावर चालतो.

आता गाड्यांकडे वळू. त्या काळी पॅरिसमध्ये ज्याच्या घरी बग्गी नाही त्याने भाड्याची गाडी घ्यावी, आणि तीही सबंध घ्यावी, अशी रीत होती. पास्कलने मित्र ड्यूक द रोआने व इतर भागीदारांसह वेगळीच योजना मांडली. मार्ग ठरलेला, वेळ ठरलेली, भाडे माणशी पाच सोल. आणि उतारू थोडे असोत वा गाडी रिकामी असो, ठरल्या वेळी ती सुटणारच. ही शेवटची अट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रवाशाने गाडीची वाट पाहण्यापेक्षा गाडीने प्रवाशाशी केलेला करार पाळावा, ही कल्पनाच नवी होती. १८ मार्च १६६२ रोजी सँ-आंत्वान वेशीपासून लक्झेंबर्ग राजवाड्यापर्यंतचा पहिला मार्ग सुरू झाला. गर्दी एवढी उसळली की जागा न मिळाल्याने लोक कुरकुरत परतले.

मात्र त्या गर्दीत सगळे नव्हते. राजाच्या परवान्याची नोंद करताना पॅरिसच्या पार्लमेंटने (हे लोकसभागृह नव्हे, न्यायालय होते) एक अट घातली: सैनिक, हुजरे, गणवेशातील नोकर आणि अंगमेहनतीची कामे करणारे मजूर यांना गाडीत प्रवेश नाही. प्रतिष्ठित नागरिकांची सोय हे त्याचे कारण. अट पास्कलची नव्हती. गाड्या मात्र त्या अटीसह धावल्या.

आणि याच धंद्याच्या नफ्यातून पास्कल गरिबांना देऊ पाहत होता! ब्ल्वा प्रांतात उपासमार पडली होती. आपल्या हिश्शापोटी एक हजार फ्रँक आगाऊ घेऊन तिकडे पाठवावेत, असे त्याने बहीण जिल्बर्त हिला बोलून दाखविले. व्यवहार अजून पक्का नाही, वर्षभर थांबावे, असे ती म्हणाली. बुडाले तर आपल्या मालमत्तेतून भरून देऊ, गरज वर्षभर थांबणारी नाही, असे त्याचे उत्तर.

मग प्रश्न असा: ज्याला गाडीत बसू दिले नाही त्याला गाडीच्या उत्पन्नातून भाकर दिली, तर हिशेब पुरा होतो काय? पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या ‘क्वाड्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात स्पष्ट केले आहे, की न्यायाने जे देणे लागते ते नाकारून त्याच्या जागी दया पुढे करता येत नाही. हे वाक्य आपण भांडवलदारांना ऐकवतो. आपल्या शाळा-इस्पितळांच्या कार्यकारी मंडळांत ते किती वेळा वाचले जाते? खासगी खोलीच्या बिलातून सर्वसाधारण कक्षाचा खर्च निघतो, सधन पालकांच्या फीतून एखाद्याची शिष्यवृत्ती निघते. यात गैर काही नाही, उलट याशिवाय संस्था चालणे कठीण. पण डॉक्टर तोच असावा, बाक तोच असावा. गरिबासाठी वेगळे दार काढले आणि त्या दारापाशी उदार हाताने दान ठेवले, तर ते दान आम्हांस संशयास्पद वाटते.

पास्कलला हे कळले होते असे त्याच्या शेवटच्या दिवसांवरून वाटते. त्या उन्हाळ्यात त्याने आसरा दिलेल्या एका गरीब कुटुंबातील मुलास देवी आल्या. त्यांना घराबाहेर काढण्याऐवजी तो स्वतः आजारी असता बहिणीकडे राहावयास गेला. ख्रिस्तशरीर घेण्याची त्याची इच्छा डॉक्टरांनी लांबणीवर टाकली, तेव्हा त्याने निराळीच मागणी केली: एखादा गरीब रुग्ण या घरी आणावा, आणि माझी जी शुश्रूषा होते तीच, रतीभरही कमी नाही, त्याची व्हावी. तसे जमले नाही. मग, मला असाध्य रोग्यांच्या इस्पितळात न्या, गरिबांच्या सोबतीने मरू द्या, असा त्याने आग्रह धरला. एवढा प्रवास त्याला झेपणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. १९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो बहिणीच्या घरीच वारला. त्याच्या गाड्यांचे तोवर पाच मार्ग सुरू झाले होते.