धुऱ्यावरचा माणूस

बढतीचा कागद हातात पडला तो २००९ सालच्या जुलैत, ऐन रोवणीच्या दिवसांत. त्या वर्षी जून कोरडाच गेला होता. पऱ्हे पिवळे पडायला लागले होते आणि पाऊस आला तसा सगळा गाव एकाच वेळी बांधीत उतरला होता. मी शाळेतून सायकलनं परत येत होतो. खिशात पत्र होतं. सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझं नाव वर आलं होतं आणि मुख्याध्यापक व्हायची माझी पाळी होती. नको असेल तर तसं लिहून द्यायचं.

आमचं बपेरा म्हणजे तुमसर तालुक्याचं, भंडारा जिल्ह्याचं आणि महाराष्ट्राचंही टोक. बावनथडीचा पूल ओलांडला की मध्यप्रदेश, बालाघाट जिल्हा. अर्ध्या गावाची सोयरीक पलीकडे. मी मात्र जन्मलो, शिकलो आणि नोकरीला लागलो ते अलीकडच्याच काठावर. १९८८ मध्ये डी.एड. होऊन गुरुजी झालो, तेव्हा बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा गावात पेढे वाटले. "पोरगा चिखलातून निघला," एवढंच ते सगळ्यांना सांगत होते. गुरुजी झाला, असं नाही. चिखलातून निघला.

शहरातल्या वाचकाला यातली गंमत समजावी म्हणून सांगतो. धानाच्या शेताचे बांध घालून तुकडे केलेले असतात. त्या तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो आणि बांधाला धुरा. रोवणीला बाया बांधीत असतात, पिंढरीभर चिखलात, दिवसभर कमरेतून वाकून. धनी धुऱ्यावर उभा असतो, छत्री घेऊन. लहानपणापासून आम्ही हेच चित्र पाहिलं. म्हणून आमच्याकडे मोठं होणं म्हणजे बांधीतून धुऱ्यावर येणं. पोराला शाळेत घालायचं ते यासाठीच. मी धुऱ्यावर आलो होतो. आता सरकार म्हणत होतं, आणखी थोडा वर ये.

मी नाही म्हणून लिहून दिलं.

कारण विचारणाऱ्यांना मी एकच सांगायचो, मला मुलांत राहायचंय. ते खोटं नव्हतं. तिसरीच्या पोराला हातचा घ्यायचं गणित पहिल्यांदा जमतं, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. तो पाहायला मिळतो म्हणून मी एकवीस वर्षं पावसापाण्यात सायकल हाकली होती. मुख्याध्यापकाच्या वाट्याला काय येतं, तेही मी पाहिलं होतं. खिचडीच्या तांदळाची नोंदवही, सर्व शिक्षा अभियानाचं बांधकाम, सिमेंटच्या पोत्यांचा हिशोब, महिन्याची प्रपत्रं, सभा. चांगला शिकवणारा माणूस वर चढवून कारकून करतात, असं मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं बोलायचो. सगळे माना डोलवायचे. पगाराचाही फार फरक नव्हता. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी मला मिळालीच होती.

नकार दिल्यावर लोकांनी माझा मान वाढवला. गावात बोललं जायचं, गुरुजीनं खुर्ची सोडली पण पोरं नाही सोडली. मलाही ते आवडायला लागलं. एका सत्काराच्या कार्यक्रमात कुणीतरी माझ्यासंदर्भात निष्काम कर्मयोग हा शब्द वापरला. मी खाली मान घालून बसलो, पण कानांनी तो नीट ऐकला.

फक्त आईनं मान डोलवली नाही. तेव्हा ती साठीच्या पुढची होती, पण रोवणी सोडली नव्हती. ती रोवणीच्या टोळीची पुढारी होती. एकराचा गुत्ता घ्यायचा, बाया जमवायच्या, कोणाच्या शेतावर कधी जायचं ते ठरवायचं आणि शेवटी पैशाची वाटणी करायची, हे सगळं तिच्याकडे. तिला अक्षर येत नव्हतं, हिशोब तोंडपाठ. आणि हे सगळं करून ती चिखलातच असायची, रांगेच्या एका टोकाला. वाटा इतरांएवढाच. मी तिला मोठ्या कौतुकानं सांगितलं की बढती नाकारली. ती पाय धूत होती. तिनं विचारलं, "कायले?"

"मले शिकवाले आवडते, आई."

"मंग त्या खुर्चीवर कोन बसन?"

मी म्हटलं, बसेल कोणी तरी. तिनं पुढं काही विचारलं नाही. मला वाटलं, तिला समजलं नाही. प्रश्न अडाणी वाटला मला. पुढची दोन वर्षं मी तो विसरूनही गेलो.

खुर्ची काही दिवस रिकामी राहिली, मग तिथं प्रभारी आले. त्यांचं नाव लिहीत नाही आणि शाळेचंही नाही. माणूस वाईट नव्हता. पण त्याला शाळा म्हणजे दोष न निघणारं दप्तर वाटायची. अधिकारी आले तर कागद पूर्ण हवेत, बाकी काही का असेना. वर्गात ते क्वचितच येत. आले तरी दारात उभे राहत. उंबरठा हा त्यांचा धुरा होता.

२०११ च्या जूनमध्ये एक आई पोरीला घेऊन आली. दिवाळीनंतर ते कुटुंब नागपूरकडे विटाभट्टीवर गेलं होतं. आमच्याकडची कितीतरी माणसं धान निघाल्यावर अशी जातात. पोरगी चौथीत होती आणि माझ्या वर्गात होती. मधल्या काळात तिचं नाव कमी करून टाकलं होतं. मधे काही महिने ती तिकडे कुठल्याशा शाळेत बसली होती. प्रभारी म्हणाले, तिथला दाखला आणा, मग पाहू. दाखला कुठून आणणार? भट्टी पावसाळ्यात बंद. शिक्षण हक्काचा कायदा लागू होऊन वर्ष झालं होतं. दाखला नाही म्हणून मूल परत पाठवता येत नाही, हे त्या कायद्यात स्पष्ट होतं. मी ते सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, सही माझी असते. उद्या दुहेरी नाव निघालं तर जबाब तुम्ही देणार का?"

मी काय केलं? दोनदा बोललो. तिसऱ्यांदा आवाज चढवला. मग वर्गावर गेलो, कारण माझी तासिका होती. पोरगी चार-पाच दिवस व्हरांड्यात बसली, माझ्याच वर्गाच्या खिडकीखाली. पाढे सुरू झाले की बाहेरून तिचा आवाज यायचा. मी तिला आत बोलावून बसवलंसुद्धा, पण हजेरीत नाव नाही म्हणून खिचडीच्या वेळी ती उठून घरी जायची. कोणी तिला जा म्हटलं नव्हतं. तिची तिलाच लाज. सहाव्या दिवशी आली नाही. मी रविवारी तिच्या घरी जाऊन आलो. आई म्हणाली, "जाऊ द्या जी गुरुजी, घरी लहान पोरगा आहे, त्याले सांभाळते." पुढं ती शेळ्यांमागे दिसायची.

त्या रात्री आईचा प्रश्न आठवला. खुर्चीवर कोण बसेल. ती सही माझी असू शकली असती. माझ्याच शाळेतली जागा होती ती आणि मलाच मिळण्याचा संभव होता. मी ती सोडली होती आणि सोडल्याबद्दल सत्कार घेतला होता.

तेव्हापासून मी माझ्या समाधानाकडे जरा संशयानं पाहायला लागलो. खरं सांगायचं तर नकाराच्या कागदामागं मुलांची ओढ होती तेवढीच भीतीही होती. पोत्यांच्या हिशोबाची, चौकशीची, सरपंचाशी वाकडं येण्याची. माणूस आपल्या भीतीला फार चांगली नावं देतो. मी तिला समाधान म्हटलं. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ते पुस्तक मी तरुणपणी वाचलं होतं. त्यात विकर्म हा शब्द विनोबा वेगळ्याच अर्थानं वापरतात. बाहेरच्या कामाला आतून मन जोडलं जाणं म्हणजे विकर्म. मी त्याचा माझ्या सोयीचा अर्थ केला होता. जिथं मन आपोआप जुळतं तेवढंच माझं काम, असा. जिथं जुळत नाही तिथं जोडायचं असतं, हा भाग मी वाचून सोडून दिला असावा.

आता याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला तितकीच खरी वाटते. समाधानाचा उपदेश नेहमी खालच्या माणसाला होतो. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला तेव्हा महिन्याला १००० रुपये मानधन होतं, तेही वर्षातले दहा महिने. चूल, धूर, दीडशेवर पोरं. कामात तिचा जीव होता. आजारी पोराला ती वेगळा मऊ भात काढून ठेवायची. पाहुणे आले की म्हणायचे, बाई, तुमच्या हातून अन्नदान होतंय, केवढं पुण्य! एकदा पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "पुन्याचं ठीक आहे जी, पन तेल दुकानदार पुन्यावर देत नाई." तिला बढती म्हणजे काय हे विचारायचीच सोय नव्हती. त्या कामाला वर पायरीच नाही. आईच्या कामालाही नव्हती.

या संदर्भात नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे मला नेहमी आठवतात. शिक्षण तिसरीपर्यंत, शेत दीड एकर. १९८३ च्या सुमारास पटेल ३ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसरा असता तर कापून मोकळा झाला असता. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत राहिले. त्या धानाला घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हणू लागले. आज आमच्या झाडीपट्टीत पाहुणा आला की एचएमटीच शिजतो. त्यांनी आणखीही वाण काढले, मानसन्मान मिळाले. शेवटची वर्षं मात्र आजारपणात आणि पैशाच्या चणचणीत गेली. २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्या नावानं भाषणं होतात, पाहा, कसली हाव नाही, कामातच आनंद! असलं भाषण ऐकलं की मला राग येतो. ज्याच्या कामावर आपण जेवतो त्याच्या समाधानाचं कौतुक करणं स्वस्त पडतं, त्याचा मोबदला देणं महाग.

म्हणून बढती नाकारणारा तेवढा थोर आणि घेणारा तेवढा हावरा, हे मी मानत नाही. आमच्या तालुक्यात डोंगरी बुजरुक आणि चिखल्याला मॅंगनीजच्या खाणी आहेत. तिथं खालच्या कामावर लागून चढत गेलेल्या माणसाचं घर पाहावं. दोन खोल्यांच्या चार झाल्या, पोरगी इंजिनिअर झाली. त्याला कोणी कर्मयोग शिकवायला जाऊ नये. मला बढती नाकारणं परवडलं, कारण माझा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता. हे मला फार उशिरा सुचलं.

२०१४ मध्ये पुन्हा विचारणा झाली. या वेळी मी घेतली. शाळा घरापासून चाळीस किलोमीटर. शेवट गोड झाला असं वाचकाला वाटायला नको, म्हणून सांगतो. मला ते काम कधी आवडलं नाही. अकरा वर्षं केलं, २०२५ मध्ये निवृत्त झालो, आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी रोज सकाळी पोटात गोळा घेऊन निघायचो. ऑनलाइन माहिती भरायची तर गावात नेटवर्क नाही. रात्री तुमसरला बसून भरायची. रोज एक तासिका घ्यायचीच असं ठरवलं होतं. ती आठवड्यातून तीनदा बुडायची. कोणा पोराला हातच्याचं गणित जमलं ते मला आता दुसऱ्या गुरुजीकडून कळायचं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच जूनमध्ये केली. शाळा उघडायच्या आधी गावात फिरून भट्टीवरून परतलेली घरं विचारून काढली. सात पोरं निघाली. दाखला एकाकडेही नव्हता. साती नावं वयाप्रमाणे वर्गात लिहिली आणि खाली सही केली. सही करताना हात थरथरला, हे खरं. दुहेरी नावं निघाली तर जबाब मलाच द्यायचा होता. दोघांची निघालीही पुढं. लेखी खुलासा मागितला, तो मी दिला, आणि त्यावर काही झालं नाही. एवढ्यासाठीच ते सर पोरीला दाराबाहेर ठेवत होते आणि एवढ्यासाठीच मी खुर्ची सोडली होती.

आई २०१६ मध्ये गेली. त्याच्या आदल्या वर्षीपर्यंत ती धुऱ्यावर येऊन बसायची. बांधीत उतरवत नव्हतं, पण तिथून बायांना ओरडून सांगायची, रांग वाकडी चालली म्हणून. टोळी आता दुसऱ्या बाईकडे होती. त्या वर्षी सुट्टीच्या दिवशी मी तिला घ्यायला गेलो, तर रांगेतली एक पोरगी सरळ झाली. कंबर धरून, हाताचा चिखल झटकत. चौदा-पंधरा वर्षांची असेल. "नमस्कार गुरुजी," म्हणाली आणि हसली. मी आधी ओळखलं नाही. मग ओळखलं.

"काय करतेस?" मी विचारलं. काय करते ते दिसतच होतं.

"रोवना जी," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली. रांग पुढं निघाली होती.